भोंग्यावरचा ळ

फजिती सगळ्यांचीच होते. पण बहुतेकांची चार भिंतींत होते, पाहणारे दोघंतिघं असतात आणि पुढे तेही विसरतात. माझी झाली ती रिक्षाला भोंगा बांधून, गल्लोगल्ली. आणि भोंग्यातला आवाजही माझाच! चहा घेऊन बसा, लिहूनच सांगते.

आम्ही तंजावरचे मराठी. पण मी रांगत होते तेव्हाच आईबाबा इंग्लंडला गेले, त्यामुळे माझं सगळं शिक्षण तिकडे. पदवी हातात आली आणि मला जगाचं भलं करायची उबळ आली. या वयात कुणाला मुरमं येतात, मला हे आलं. एक संस्था तरुणांना परदेशी पाठवायची, तिथल्या खेड्यांतल्या लोकांना निसर्गाला धरून परसबाग कशी करावी ते शिकवायला. मी नाव घातलं. मनात केनिया नाहीतर पेरू. संस्थेनं कळवलं, ‘दक्षिण भारतातला एक दुर्गम ग्रामीण समाज.’ नकाशा उघडून बघते तर तिरुवैयारु.

अहो, दुर्गम कसलं? तिथे माझी सख्खी आत्या राहते. तंजावरहून उठसूट बस आहे.

म्हणजे कावेरीच्या काठावर, जिथे कुंपणाला रोवलेल्या काठीलाही पालवी फुटते, तिथल्या माणसांना झाड कसं लावायचं ते सांगायला मी विमानानं आले. मोठी टोपी, गुडघ्यावर खिसे असलेली विजार आणि गांडुळांवर भाषण. यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा क्षणभरही वाटलं नाही.

आत्याचं नाव कमळा. ती गाणं शिकवते. संध्याकाळी तिच्या ओसरीवर मुलं मांडी घालून बसतात आणि सगळी गल्ली ऐकते. आता इथे माझ्या जिभेबद्दल सांगायला हवं. मला ळ येत नाही. लिहिता येतो, हा काय, आत्ताच लिहिला. पण तोंडातून ल बाहेर पडतो. लहानपणी मी ‘बालाला केलं दे’ म्हणायचे, घरात सगळे कौतुकानं हसायचे, सुधारलं कुणीच नाही. आत्याला तर मी जन्मभर कमलाआत्या म्हणत आले. इंग्लंडमध्ये ‘ळ’वाचून कुणाचं अडत नाही.

तिरुवैयारुत अडलं. कारण तमिळमध्ये कळै म्हणजे तण. आणि कलै म्हणजे कला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आलं नाही.

माझा पहिला पाठ होता तण कसं काढावं आणि त्याचं खत कसं करावं. रविवारी सकाळी, आत्याच्या परसात. मी घोकून घोकून तमिळमध्ये पुकारा तयार केला, मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि भोंगा बांधलेल्या रिक्षावाल्याला दिला. त्याचा अर्थ असा: ‘कमळाम्मांच्या परसात या. येताना आपापल्या घरची कळै घेऊन या. तिचं काय करायचं ते मी शिकवते. सगळं फुकट.’ आणि दर वेळी माझ्या तोंडून कलै, कलै, कलै. रिक्षा देवळापासून नदीपर्यंत फिरली.

त्या दिवशी आत्यानं केसरी केली, म्हणजे तिकडचा शिरा. वर तूप सोडलं. मग माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, “मी समजलें, पोर गांडुळांत पडली. तुज कलेची एवढी कदर असेल असें वाटलें नव्हतें गे.” तिचं मराठी असंच आहे, जुन्या वळणाचं आणि वर तमिळ हेल. कलेचं मध्येच काय, असं मला वाटलं. पण केसरी फार छान होती. मी विचारलं नाही.

रविवारी परस भरलं. व्हायोलिनच्या पेट्या घेतलेल्या मुली, मृदंग काखेत मारलेला एकजण, पायांत चाळ बांधून नटलेली एक चिमुरडी, तंजावर चित्राची चौकट कवटाळून आलेल्या एक आजी. आत्यानं स्वतःचा तंबोरा बाहेर आणून केळीला टेकवला होता. तण मात्र कुणीच आणलं नव्हतं.

मला काय वाटलं असेल? आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की स्थानिक लोक पुष्कळदा गाणी-नृत्यांनी स्वागत करतात, ते नम्रपणे स्वीकारावं. मी नम्रपणे हात जोडले. डोळेसुद्धा थोडे ओले केले. आणि स्वागत व्हायच्या आधीच, वेळ वाया नको म्हणून, पाठ केलेलं तमिळ भाषण सुरू केलं.

मी काय काय म्हणाले ते आत्यानं मला नंतर ऐकवलं, तेच सांगते. म्हणे, ही कला दिसायला नाजूक असते, फसू नका. एका घरात शिरली की गल्लीभर पसरते. ज्या पिकावर घर चालतं त्याच्या तोंडचं अन्न ही खाते आणि स्वतः काही देत नाही. म्हणून लहान असतानाच मुळासकट उपटा. हे बोलताना मी त्या चाळवाल्या चिमुरडीकडे प्रेमानं पाहत होते. तिच्या आईनं तिला पदराखाली ओढलं. मी पुढे म्हणाले, उपटलीत की फेकू नका, चांगली कुजवा. कुजलेल्या कलेसारखं खत नाही!

पुढे बसलेल्या बायका दगडासारख्या. पण मागे उभे असलेले बाप लोक? टाळ्या! बापांना आजवर चारचौघांत बोलता न आलेलं कुणीतरी परदेशातून येऊन बोललं होतं. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या जीवाजीरावांनी. हे आत्याचे शेजारी, मराठीच, पापनाशमला सरकारी कचेरीत आहेत. त्यांची मुलगी वैदेही आत्याची सगळ्यांत गुणी शिष्या. आत्या सहसा कुणाची स्तुती करत नाही, पण वैदेही गायला लागली की ताल देणारा आत्याचा हात आपोआप अलगद पडायचा.

दुपारी आत्यानं माझ्यापुढे दहीभात ठेवला आणि लोणचं ठेवलं नाही. मग विचारलं, “कशास आलीस गे? माझा वर्ग मोडायास?”

मी गोंधळले. तण, तण, असं चारचारदा सांगितलं. आत्या म्हणाली, “माझें नांव घे पाहूं.”

“कमला.”

“सेरी, बरें,” आत्या म्हणाली. “समजलें.”

संध्याकाळी वैदेही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओसरीवरची तिची जागा इतर मुलांनी रिकामीच ठेवली होती. आत्या त्या जागेकडे पाठ करून बसत होती. मी धावत जीवाजीरावांकडे गेले. वाटलं, गैरसमज सांगितला की संपलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पितळी पेल्यात कॉफीही दिली. मग म्हणाले, “तण म्हणायचं होतं. बरं. पण बोललात ते चुकलं कुठे? गाण्यात तिचा अभ्यास बुडतो, हे मी घरी सांगून सांगून थकलो. तुम्ही एका सकाळी सांगितलंत आणि घर गप्प झालं. आता ती त्या वेळात इंग्रजीच्या शिकवणीला जाते. तिला तुमच्यासारखं करायचंय आम्हांला.”

म्हणजे मी आदर्श होते! आत दाराशी वैदेही उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिला मुळासकट उपटलंय.

मी हट्टाला पेटले. शेवटी जीवाजीराव म्हणाले, गल्लीनं जे तमिळमध्ये ऐकलंय ते तुम्ही गल्लीसमोर तमिळमध्येच मागे घ्या, नीट, स्पष्ट. मग मी विचार करतो.

मग सुरू झाली माझी शाळा. आत्या समोर बसायची. जिभेचं टोक वर वळव, टाळूला लाव, आणि सोड. मी सोडायचे, ल पडायचा. बालवर्गातली मुलं पोट धरून लोळायची. कमळ, बाळ, केळ, फळ. जेवताना, आंघोळीत, गांडुळांच्या हौदापाशी. आणि एक दिवस आला हो ळ! खणखणीत! आत्यानं लोणचं वाढलं.

जीवाजीरावांच्या अंगणात आसपासची मंडळी जमली. मला दोनच वाक्यं म्हणायची होती. कलै जपा. कळै उपटा. एवढंच.

पण तो ताजा ताजा ळ जिभेच्या टोकावर इतका उतावीळ बसला होता, की पहिल्याच वाक्यात उडी मारून बाहेर आला. मी ठणकावून म्हणाले, “तण जपा!”

वैदेही फसकन हसली. मी घाबरले. आता जपून, असं म्हणत पटकन जीभ सपाट केली आणि दुसरं वाक्य टाकलं.

“कला उपटा!”

या वेळी कुणी हसलंसुद्धा नाही. आत्यानं डोळे मिटून घेतले. जीवाजीरावांनी मात्र मला न्याहाळलं, बाजारातून महागात घेतलेला माल घरी आणून उघडून पाहावा तसं. मग मुलीकडे वळले.

“वैदेही, चपला घाल. गाण्याला जा.”

मला रडूच फुटलं. म्हटलं, “काका, पटलं ना तुम्हांला?”

“पटलं,” जीवाजीराव म्हणाले. “इतकी वर्षं, इतक्या लांब शिकून तुम्ही अशा झालात. आमची पोर इथेच गाऊ दे. निदान जीभ तरी ठिकाणावर राहील.”