दणक्याचा हात आणि अडकलेला अ‍ॅक्सल

माझ्या नवऱ्याला सगळे दणका म्हणतात, आणि त्यात त्याच्यावर काडीचाही अन्याय होत नाही. नळ गळला, दणका. टीव्ही अडखळला, दणका. कपाटाचं दार लागेना, तर लाथ. त्याच्या हातचा मार न खाल्लेली वस्तू आमच्या घरात नाही, आणि गंमत म्हणजे निम्म्या वस्तू त्या माराने चालूही होतात. तिथेच त्याचं बिघडलं. ज्याचं मारून भागतं तो समजावून सांगायला कशाला शिकेल? माझ्यावरही एकदा हात उगारला होता, लग्न नवं असताना. मी चुलीवरची तापलेली कढई उचलली. त्या विषयावर आम्हाला पुन्हा कधी बोलावं लागलं नाही.

पण धाकट्या भावाला त्याने लहानपणापासून बडवलं. माझे हे भावजी आता अंगाने त्याच्या दीडपट आहेत, तरी त्याचा हात काही थांबला नाही. दोघांचा धंदा एकच. चारही चाकांना जोर लागणारी एक जुनी गाडी, आणि त्या गाडीतून डोंगरावरच्या बांधकामाला पाइप, सिमेंट आणि माणसं चढवायची. पुढच्या अ‍ॅक्सलवरचं रबर फाटलंय, ते बदलेपर्यंत गाडी ओढ्यात घालायची नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं. भावजींनी घातली. आत पाणी गेलं, गंज धरला, चाक कण्हायला लागलं. तेव्हा नवऱ्याने गॅरेजमध्ये, मालकासमोर, दहा गिऱ्हाइकांसमोर भावजींच्या कानशिलात वाजवली. मिशीवाला बाप्या माणूस तो! गॅरेजमधलं एक पोरगं हसलं म्हणतात.

भावजी घरी आले आणि सासूबाईंसमोर उभे राहून म्हणाले, “ज्या हाताने मला मारलं, तो हात मी मोडीन. आज नाही तर उद्या, पण मोडीन.” सासूबाईंनी त्यांना गप्प बस म्हणून सांगितलं. ते बसले ते असे की भावाशी एक शब्द नाही. नवराही तसलाच आडमुठा. एका घरात दोघे जेवत, एका गाडीत बसून कामाला जात, आणि सगळा कारभार माझ्या तोंडून चाले. “तुमच्या नवऱ्याला सांगा, डिझेल संपलंय.” “तुझ्या दिराला सांग, मला डोळे आहेत.” मी सांगत होते. माझं डोकं फिरायचं, पण सांगत होते.

शेवटी एक दिवस गाडी अंगणातून हलेना. त्या गॅरेजची पायरी तर दोघेही चढायला तयार नव्हते. काम बंद म्हणजे चूल बंद. नवऱ्याने गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ओंडके लावले, डावं चाक काढलं, ब्रेकचं सामान सोडवून बाजूला ठेवलं. अ‍ॅक्सलचा मोठा नट सैल करून टोकाशी बरोबरीला आणला, म्हणजे माराने आटे चेपणार नाहीत. आता फक्त चाक बसतं त्या हबमधून अ‍ॅक्सल आत ढकलायचा होता. तो ढिम्म हलेना. तेल सोडलं, स्टोव्हने तापवलं, शिव्या दिल्या. नवरा एकटाच घण घेऊन तुटून पडला, आणि थोड्याच वेळात त्याचा दुखरा खांदा गेला. हात खांद्याच्या वर जाईना. तो जमिनीवर बसून मुठीने गाडीला मारत राहिला. बोटांची सालं निघाली.

भावजी दारात उभे होते. त्यांनी शर्ट काढला, पुढे होऊन घण उचलला.

हे काम एकट्याचं नसतं. एकाने पितळेची जाड सळई अ‍ॅक्सलच्या टोकावर धरायची, दुसऱ्याने सळईवर घण घालायचा. आणि नवऱ्याने सळई उचलली, चाकाजवळ उकिडवा बसला, आणि धरली ती उजव्या हाताने. त्याच हाताने. डावा रिकामा होता, पण नाही. भावजींकडे न बघता हात पुढे करून बसला. मारतोस तर मार.

या दोघांच्या वडिलांची लोहाराची भट्टी होती, आणि पोरांना त्यांनी एकच शिस्त लावली होती. धरणाऱ्याने “हं” म्हणायचं, मगच मारणाऱ्याने मारायचं. “हं” नाही तर घाव नाही. आता नवरा “हं” म्हणेना, कारण ते भावाशी बोलणं झालं असतं. आणि भावजी “हं” शिवाय मारेनात. दोघे पुतळ्यासारखे. मी कपाळावर हात मारला. “तुमच्या नवऱ्याला विचारा, मारू का?” “त्याला सांग, कशाला उचललाय मग?” शेवटी ठरलं की “हं” मी म्हणायचं.

माझ्या नवऱ्याचा हात, माझ्या दिराचा घण आणि माझं तोंड. मी नीट जागा बघून उभी राहिले. सळई सरळ दिसली की “हं”. घण बाजूने फिरून यायचा आणि असा आदळायचा की ओंडक्यांखालची माती उडायची. सळईचं टोक पसरलं. गंजाचे तुकडे नवऱ्याच्या तोंडावर उडत होते, भुवईतून रक्त आलं, त्याने पुसलं नाही. भावजींचे डोळे लाल झाले होते. प्रत्येक घावाला ते दात खात होते, आणि तो मार एकट्या लोखंडाला नव्हता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. सासूबाई आत जाऊन बसल्या. घाव मात्र बरोबर सळईच्या टोकावर पडत होता.

अ‍ॅक्सल केसभर हलला. नवऱ्याला ते हातात जाणवलं असणार. मी “हं” म्हटलं, घण निघाला, आणि नवऱ्याने सळई फिरवली. ती त्याची जन्माची सवय होती. प्रत्येक घावाआधी तो सळई जराशी फिरवून घ्यायचा आणि मगच “हं” म्हणायचा. आज “हं” माझं होतं, आणि या घावाला ते आधी आलं. सळई निसटून खाली पडली आणि घणाच्या वाटेत उरला नुसता हात.

मी किंचाळले. भावजींनी घण खाली ओढला. फिरलेला घण थांबत नाही, तो फक्त वळतो. तो वळला आणि त्यांच्या स्वतःच्या नडगीवर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ते खाली कोसळले, पायाला जिथे वाकायला जागा नसते तिथे पाय वाकला होता.

नवरा उठला. आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग भावावर वाकला आणि त्याच हाताने खाडकन त्याच्या तोंडात मारली.

“मोडायचा होता ना माझा हात?” तो ओरडला. “मग मोडायचा होतास. पाय कशाला घातलास मध्ये, गाढवा?”

दुसरी मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. मग त्याने भावाला उचललं, दुखऱ्या खांद्यावर घेतलं, आणि रस्त्याकडे धावत सुटला. ओझ्याने त्याचे गुडघे वाकत होते आणि भावजी वेदनेने त्याची पाठ चावत होते. मागून मी रिक्षा थांबवली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मोडलेला पाय, गालावर उमटलेली पाच बोटं आणि शेजारी रक्ताने माखलेला थोरला भाऊ, हे बघून त्याने आम्हाला बाहेर जायला सांगितलं. कोणी मारलं ते न भिता सांगा, पोलिसांना बोलवतो, असं तो भावजींना म्हणाला. नवरा हलला नाही. भिंतीला टेकून, मान खाली घालून, खरं ऐकायची वाट बघत उभा राहिला. भावजींनी त्याच्याकडे बघितलं.

“पाय माझा मी मोडून घेतला,” ते म्हणाले. “गालावर दादाने मारलं. त्याला काही बोलू नका, त्याचा खांदा दुखतोय.”

नवरा तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. रडताना उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता.