रोलरच्या पलीकडची ढगताई

लाँड्रीत मी एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. त्यातली अकरा वर्षं समोर ढगताई होती.

चादर गरम रोलरमधून कोरडी होऊन निघायची. ती दोघांनी धरायची, मागे सरून ताणायची, पुढे येऊन कोपरे जुळवायचे. मिनिटाला तीन. सकाळी वाफ इतकी दाटायची की समोरचं माणूस दिसत नसे, चादरीवर नुसती सावली. तिची सावली सगळी चादर व्यापून टाकायची. ती पुढे येऊ लागली की वाटे, आभाळच हळूहळू जवळ येतंय. म्हणून ते नाव. ठेवलं होतं कुचेष्टेनं. पण तिचे पाय वाजत नसत. झोपेत चालल्यासारखी यायची आणि कोपरा बरोब्बर हातात द्यायची. अकरा वर्षांत तिच्या हातून कोपरा सुटल्याचं आठवत नाही. माझ्या हातून दोनदा सुटला.

बायका मागे म्हणायच्या, हिच्या घरचा वजनकाटा रात्रंदिवस रडत असेल. मीही हसायचो.

मग नवा मुकादम आला. त्यानं सगळ्यांना माल तोलायच्या काट्यावर उभं केलं. ढगताईला म्हणाला, एवढं जड माणूस रोलरवर चालायचं नाही, तीन महिन्यांत पंधरा किलो उतरव, नाहीतर रोलर सोड आणि तळघरात कपड्यांवर खुणा घालत बस. तळघरात गेलेलं माणूस वर्षभरात कंटाळून घरी बसायचं, हे तिला ठाऊक होतं. "रोलरवर माझं अंग मला जड वाटत नाही, दादा," एवढंच ती मला म्हणाली.

ती अर्धपोटी राहू लागली. तासभर पायी कामाला येऊ लागली. तोंड उतरलं. काटा दोन किलो खाली आला आणि तिथंच अडून बसला. मला राग आला. कष्ट केले तर ते दिसले पाहिजेत, अशा मताचा मी. वाटलं, ही चोरून खाते. मुकादमानं विचारलं तेव्हा तसं सांगूनही टाकलं. पाहिलं काहीच नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तिची धाकटी बहीण भेटायला आली. तान्ही असतानाच मूलबाळ नसलेल्या मावशीला दत्तक दिलेली. घर वेगळं, चूल वेगळी. शाळेत कवायत शिकवायची, रोज पोहायची. दोघी आयुष्यात तिसऱ्यांदा भेटत होत्या. गंमत म्हणून ती माझ्या जागी उभी राहिली आणि मी बाजूला झालो.

वाफेत दोन सावल्या. तोच खांदा, तीच कंबर, तीच मऊ पावलं. कोणती कुठली, मला कळेना. जणू एकच बाई स्वतःला भेटायला यायची आणि परत जायची. चादरीमागून चादर गेली. मी किती वेळ बघत उभा होतो, कोण जाणे.

घाम पुसत बहीण म्हणाली, आमचे जन्मदाते वडील असेच होते, आजीही अशीच. डॉक्टरांनी बहिणीला सांगितलं होतं की यातलं बरंचसं जन्मासोबतच येतं. थोडं कमीजास्त करता येतं, पण मूळची ठेवण सहसा हटत नाही.

मी तसाच मुकादमाकडे गेलो. म्हटलं, मी खोटं बोललो. तो म्हणाला, "मग काटाही खोटं बोलतो काय?"

"काट्याला चादरीची घडी घालता येत नाही, साहेब. तिच्या जागी तुम्हीच तासभर उभे राहा."

राहिला. अर्ध्या तासात चादरींचा ढीग पायाशी आणि शर्ट चिंब. कबूल काहीच केलं नाही त्यानं. तळघराचा विषय मात्र पुन्हा काढला नाही.

चहाडी माझी होती, हे ढगताईला मीच सांगितलं. पाच-सहा चादरींच्या घड्या झाल्या. मग कोपरे देताना म्हणाली, "माझा डबा उघडून बघितला असतात तरी चाललं असतं, दादा. विचारलं का नाही?"

त्या दुपारी ती माझ्यासमोर बसून पोटभर जेवली, सावकाश. तिचं संपेपर्यंत मी उठलो नाही.