जाऊन राहिलो होतो

ती घटना आठवली की मला अजूनही आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. एका क्रियापदापायी एक निरपराध तरुण गजाआड जाणार होता, आणि तोही माझ्या ठाण्यातून.

मी तेव्हा नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गुन्हे शोध पथकाच्या प्रमुख एक महिला उपनिरीक्षक होत्या. साताऱ्याकडच्या, वयाने तरुण, शिस्तीला कडक. ठाण्यात सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांच्या हाताखालचे हवालदार नागपूरजवळच्या कुहीकडचे, निम्मं नागपूर नावानिशी ओळखणारे. दोघंही कामाला वाघ, पण आपसात विळ्या-भोपळ्याचं सख्य.

कारण ऐकाल तर हसाल. एकदा गस्तीवर जीपमधून उतरताना मॅडमच्या अंगावर मोकाट गाय धावून आली. हवालदार ओरडले, "सरक ना वं, गाय आली!" गाय निघून गेली, पण ते 'वं' मॅडमच्या मनात रुतून बसलं. हाताखालचा माणूस चारचौघांत आपल्याला बायकोसारखी हाक मारतो, अशी त्यांची तक्रार माझ्याकडे आली. मी हवालदारांना बोलावलं.

"साहेब, माह्या पोरीलेही मी वं म्हणतो," ते म्हणाले. "गाय अंगावर आली, तं उपनिरीक्षक मॅडम म्हणत बसू काय?"

पंचाईत अशी की मला दोघांचंही पटत होतं. मी समज दिली. हवालदारांनी ती इतकी मनावर घेतली की मॅडमशी बोलणंच बंद केलं. विचारलं तर 'हो जी', नाहीतर 'नाही जी'. चहाच्या टपरीवरही पथक दोन टोकांना उभं राहू लागलं. ठाण्यात भांडण झालेलं परवडतं, कारण ते ऐकू येतं. असला अबोला मात्र काम पोखरतो, हे मला दिसत होतं.

अशात दिवाळीनंतर आमच्या हद्दीतल्या एका गोदामात घरफोडी झाली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुलूप तोडून यंत्रांचे महागडे सुटे भाग पळवले होते. खबऱ्याने फोनवर सांगितलं, की गोदामाचा चौकीदार आठवडाभर भाड्याने पिकअप शोधत होता. मॅडमनी त्याला चौकशीला आणलं. कुहीकडच्या खेड्यातला सरळ दिसणारा पोरगा. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत त्याची नुकतीच निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद आमच्याच ठाण्यात आले होते. अटकेची एक नोंद झाली असती, तर ती नोकरी गेलीच म्हणून समजा. त्याची बायको जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. डबा काही तिने उघडला नाही.

मॅडमनी हवालदारांना खोलीबाहेरच थांबायला सांगितलं. ते गाववाल्याशी गावच्या गप्पा मारत बसतील, असं त्यांचं म्हणणं. तासाभराने त्या माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर समाधान होतं.

"सर, घटनेच्या वेळी गोदामावर असल्याचं त्याने कबूल केलंय. अटक करते."

माझी एक सवय होती. अटकेआधी चौकशी करणाऱ्याने संशयिताचे शब्द जसेच्या तसे पथकासमोर म्हणून दाखवायचे. मी हवालदारांना आत बोलावलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

मॅडमची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्यांनी अगदी त्या पोराच्या हेलात सांगितलं, "कुलूप तुटलं तेव्हा कुठं होतास, विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, मी गोदामावर जाऊन राहिलो होतो.'"

हवालदार भिंतीपासून सुटे झाले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ते आपणहून बोलले. "म्हंजे पोचला नाही तो."

"तो जाऊन राहिला होता, हवालदार."

"हो जी. जाऊन राहिला होता, म्हंजे वाटेत होता."

"राहिला होता म्हणजे मुक्काम केला."

"तो तुमच्याकडं जी. आमच्याकडं मी आत्ता बोलून राहिलो, म्हंजे बोलतो आहो. बोलायच्या मुक्कामाले नाही आलो."

मला हसू आवरेना. मॅडमना मात्र हसू आलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्या पोराने आपला बचाव सांगितला होता आणि आपण तो कबुली म्हणून ऐकला, हे त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. दुसरा अधिकारी असता तर खुर्चीचा मान राखायला अडून बसला असता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला हवालदार, तुम्हीही आत बसा."

मीही मागोमाग गेलो. हवालदारांनी स्टूल ओढलं. "काहून नाही पोचला गा गोदामावर?"

"दिघोरीपर्यंत आलो होतो. तं सुपरवायझरचा फोन आला. म्हणे आज मी पाहून घेतो, तू वापस जा. मग मी घरी गेलो. खळ्यावर धानाची चुरणी चालू होती."

"आणि पिकअप?"

"धान आणायले पाहून राहिलो होतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच म्हणल्या, विचारलं तेवढंच सांग."

त्याचा मोबाइल आमच्याकडेच होता. सुपरवायझरचा फोन त्यात नोंदलेला होता. खळ्यावरच्या चार माणसांनी दुजोरा दिला. मग सुपरवायझरला बोलावलं. तो फर्ड्या मराठीत बोलणारा, अदबशीर गृहस्थ होता. त्याच्यापुढे हवालदार जरा बिचकले. आता मॅडमची पाळी होती. त्यांनी त्याला मनसोक्त बोलू दिलं. संध्याकाळी चौकीदाराला गोदामात शिरताना आपण पाहिलं, असं तो बोलून गेला.

"सुट्टी होती. तुम्ही दिवसभर घरी होतात, असं सुरुवातीला म्हणालात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग पाहिलंत कुठून?"

गृहस्थ अडखळला आणि अखेर त्याने सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेहुण्याच्या शेडमधून सगळा मुद्देमाल जप्त झाला. त्या पोराला मात्र आम्ही त्याच दुपारी सोडलं होतं. डबा नवरा-बायकोने ठाण्याच्या आवारातच उघडला. त्याच्या पडताळणीचा अहवाल मॅडमनी स्वतः पाठवला.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. तऱ्हेतऱ्हेची माणसं एका पथकात आली की खटके उडणारच. सगळ्यांना एका साच्यात बसवण्याचा खटाटोप मी तेव्हापासून सोडला. एकमेकांना 'म्हणजे काय?' असं विचारायची लाज वाटू नये, एवढी काळजी वरिष्ठाने घेतली तरी पुष्कळ होतं. पुढे मॅडम आणि हवालदार चौकशीला नेहमी जोडीनेच बसले. भांडलेही पुष्कळ, पण मोठ्याने.

गेल्या वर्षी नागपूरच्या सक्करदऱ्यात हवालदारांच्या निवृत्तीचा समारंभ होता. मिहानच्या नोकरीत स्थिरावलेला तो चौकीदार खुर्च्या मांडत होता. मॅडमची बदली कधीच झाली होती, पण त्या येणार होत्या. त्या आल्याशिवाय हार घालून घ्यायला हवालदार तयार नव्हते. शेवटी मी फोन लावला.

"सर, मी येऊन राहिले," पलीकडून आवाज आला.

हवालदारांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "मॅडम, पोचल्या, का वाटेत आहा?"

"वाटेत आहे जी. थांबा ना गा."

हवालदारांनी हार खुर्चीवर ठेवला आणि डोळे पुसले.

"थांबतो वं," ते म्हणाले. "ये आरामात."