काकूंनी रंग बदलला

आम्हा दोघांची कळंबला बदली झाली तेव्हा आम्हाला जे घर भाड्याने मिळालं, त्याच्या भिंतीला टेकायची सोय नव्हती. टेकलं की भिंत पाठीवर येई. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. पहिल्याच आठवड्यात तो फळ्याकडे वळला आणि अख्खा वर्ग हसायला लागला, कारण सरांच्या निळ्या शर्टावर भिंतीचा बदामी नकाशा उमटला होता. संध्याकाळी घरी येऊन त्याने दप्तर खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "रंग द्यायचा. नाहीतर मी या घरात उभाच राहीन."

घरमालक पुढच्या तीन खोल्यांत राहात. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकाजींनी आमचं म्हणणं अर्ज ऐकावा तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"द्या ना रंग. माझी काही हरकत नाही. फक्त रंग बदामीच."

"फिका हिरवा चालला असता का, काकाजी?"

"बदामी. घराला पहिला रंग दिला तेव्हापासून बदामी आहे. बदामीत मळ दिसत नाही."

काकू दाराशी बदामाच्या झाडाखाली बसून तूर पाखडत होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज जरा वाढला.

पेंटर आला. पहिल्या दिवशी त्याने भिंती खरवडल्या, भोकांत पुट्टी भरली, आमचं सगळं सामान स्वयंपाकघरात कोंबायला लावलं आणि जाताना म्हणाला, "मुकुटबनले साळ्याचं लग्न हाय, मॅडम. परवा येतो." त्याची चढायची लाकडी घोडी तेवढी आमच्याकडे राहिली. परवा गेला, तेरवा गेला. फोन लावला की मागे बँड वाजत असायचा. पाचव्या दिवशीही वाजतच होता. इतकं लांबलेलं लग्न मी आजवर पाहिलेलं नाही.

पाच दिवस आम्ही स्वयंपाकघरात राहिलो. कपाट ओट्याला लावलेलं, पलंग भिंतीला उभा. चहा करायचा तर एकाने आधी बाहेर जायचं, मग दुसऱ्याने वळायचं. शेवटी रविवारी नवरा म्हणाला, "यात काय अवघड आहे? मोबाईलवर बघितलंय मी." त्याने माझी जुनी ओढणी डोक्याला बांधली आणि घोडीवर चढला. प्रायमरमध्ये रोलर बुडवून त्याने पहिला हात वर मारला. प्रायमर भिंतीला लागला तितकाच मनगटावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून पुढे बनियनमध्ये गेला. चष्म्याची एक काच पांढरी झाली.

काकाजी तेव्हा गावात नव्हते. डोळ्यातला मोतीबिंदू काढायला यवतमाळला लेकीकडे गेले होते. सोबत काकूही निघाल्या होत्या, पण लेकीने "एकानेच या, दोघं आलात की दिवसभर भांडता" असं सांगून त्यांना थांबवलं होतं. आमचा गोंधळ ऐकून त्या आत आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"सर, उतरा खाली. भित रंगवून राह्यले का सोताले?"

नवरा निमूट उतरला. काकूंनी पदर कमरेला खोचला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि घोडीवर चढल्या. वय अडुसष्ट. मी घोडीकडे धावले.

"काकू, पडाल हो!"

"ह्या घराले पयला चुना म्याच मारला. तवा पोट्टी पोटात होती. तवा नाही पडली, आता पडते काय?"

त्यांचा हात बघत राहावा असा होता. ब्रश बुडवायचा, डब्याच्या काठाला निथळायचा, आणि छताची कड एका ओढीत सरळ. दोरी लावल्यासारखी. एक थेंब फरशीवर नाही. बोलता बोलता सांगत होत्या, चुना आदल्या दिवशी भिजत घालायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची, म्हणजे पांढरा उजळतो. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी प्रायमर संपवला. म्हणजे काकूंनी संपवला. नवऱ्याने घोडी धरली आणि मी चहा केला.

चहा पिताना त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यांकडे पाहिलं. "बदामीच आनला का?"

"हो. काकाजींनी सांगितलं होतं ना."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले, बदामी भित पाहून राह्यली मी. ते कचेरीत जात. दिवसभर घरात कोन राहे? डबा फोडला का?"

"नाही."

"मंग बदलून आना. तुमाले हिरवा पायजे होता ना? तोच आना. फिक्कट नोका आनू, चांगला हिरवा आना."

"काकाजी काय म्हणतील?"

"ते माह्यावर सोडा."

मी स्वतः कचेरीत नोकरी करते. वरिष्ठांचा आदेश नुसता तोंडी असला तरी मी तो मोडत नाही. पण नवऱ्याने तोवर दोन्ही डबे स्कूटरवर ठेवले होते. दुकानदाराने बिनबोभाट बदलून दिले. पुढचे दोन दिवस काकू सकाळची भाकरी उरकून यायच्या आणि खोलीचा एकेक कोपरा हिरवा करत जायच्या. कोवळ्या तुरीच्या शेंगेचा असतो तो हिरवा. मधूनच दोन पावलं मागे सरून, मान तिरपी करून बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

गुरुवारी काकाजी परतले. काळा चष्मा लावून ते थेट आमच्या दारात उभे राहिले. चष्मा काढला, परत लावला, परत काढला.

"हे काय आहे?"

काकू त्यांच्या मागेच होत्या. "डोळा आत्ताच साफ झाला ना, काही दिवस रंग येगळे दिसतात, डाक्टर म्हने."

काकाजी माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. हा रंग कोणता?"

मी काकूंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या. मला खोटं बोलवेना. एका माणसाने नुकतीच दृष्टी परत मिळवलेली, आणि मी त्यालाच फसवायचं?

"हिरवा आहे, काकाजी."

"मी बदामी सांगितला होता."

"बदामीच हाय," काकू शांतपणे म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून अंगणातल्या झाडाकडे बोट केलं. "बदाम झाडावर कसा राह्यते? हिरवाच राह्यते ना?"

काकाजींनी झाडाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, पण पोट हलायला लागलं होतं. मग ते असे हसले की डोळ्याला पाणी आलं, आणि काकू घाबरून ओरडल्या, "डोळा पुसू नोका! हात नोका लावू!"

तरीही तीन दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि आमच्या खोलीत पेपर वाचत बसले. इथे डोळ्याला थंड वाटतं, म्हणाले. आता ते रोज सकाळी येतात. ते आल्याशिवाय मी चहा टाकत नाही.

पेंटर पंधरा दिवसांनी घोडी न्यायला आला. छताची कड निरखून त्याने विचारलं, "कोन्या गावचा मानूस लावला, मॅडम?" मी काकूंकडे बोट केलं. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

दिवाळीच्या आधी काकाजींनी पुढच्या खोल्यांसाठी दुकानातून रंगांचं पुस्तक आणलं आणि काकूंच्या पुढ्यात ठेवलं. काकूंनी अख्खी संध्याकाळ पानं उलटली. बैठकीला गुलाबी ठरवला, स्वयंपाकघराला पिवळा. काकाजींच्या झोपायच्या खोलीवर मात्र त्या अडल्या.

"ती राहू द्या आहे तशीच," त्या मला म्हणाल्या. "त्यायले झोप नाही येनार."

मग दोघांत कडेला पट्टा कोणता द्यायचा यावरून जे सुरू झालं, ते आम्हाला भिंतीपलीकडून जेवण होईपर्यंत ऐकू येत होतं.