शाळेमागचं घर

आमच्या लहानपणी परंड्याहून सोलापूरला जाणं म्हणजे परमुलखात जाणं होतं. आम्ही निजामाची रयत, सोलापूर इंग्रजांचं. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तिथं बोचकी सोडून दाखवायची. पलीकडं नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी, शाळेची तर त्याहून वेगळी. माझी नात आता नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली आहे. कुठल्या भागात चांगली शाळा आहे ते बघून मगच घर घ्यायचं, असं ती मला समजावून सांगते, जणू ही गोष्ट जगात पहिल्यांदाच घडते आहे. मी मान डोलावते. शाळा बघून घर घेतल्याची एक हकिकत माझ्यापाशीही आहे, पण ती सांगायची तर मी कशी आहे तेही सांगावं लागेल.

आमच्या वडलांचं, आप्पांचं, परंड्यात किराण्याचं दुकान होतं. घरात अव्वा, म्हणजे आमची आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ अण्णा, आणि मी. तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, अव्वा रागावली की कानडी बोलायची. अण्णा मात्र शिकत होता उर्दूतून, कारण वरचे सगळे वर्ग उर्दूतूनच असत. तो सातव्या जमातीत, म्हणजे सातवीत होता. गणिताला तिथं रियाजी म्हणत आणि रियाजीत त्याचा हात धरणारा शाळेत कुणी नव्हता. त्याचे मास्तर, आम्ही सगळे त्यांना मौलवीसाहेब म्हणायचो, त्याला फळ्यापाशी उभा करून बाकीच्या पोरांना शिकवायला लावत.

माझी शाळा तिसरीतच संपली होती. मुलींना शिकवणाऱ्या बाई बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग अण्णा संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर मला घेऊन बसायचा आणि त्याची उर्दू अक्षरं पाटीवर गिरवायला लावायचा. मला ती लवकर आली. मी हुशार होते, हे माझं मीच सांगते. त्या हुशारीचं पुढं काय झालं तेही सांगणार आहेच.

राज्यातलं वातावरण बिघडायला लागलं तसं आप्पांनी सोलापूरला बिऱ्हाड हलवायचं मनावर घेतलं. ते जाऊन दोन जागा बघून आले. एक घर मुलींच्या शाळेच्या अगदी मागं. शाळेची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते, असं ते म्हणाले. मुलांची मराठी शाळाही त्याच रस्त्यावर होती. दुसरं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, गिरण्यांच्या बाजूला. तिथून उर्दू शाळा जवळ होती. अण्णाचं शिक्षण जिथं होतं तिथून पुढं चालू राहिलं असतं. पण त्या बाजूला मुलींची शाळा नव्हती.

"पोरीला सारं गाव तुडवून कोण धाडंल?" अव्वा म्हणाली. "तिकडं घर घेतलं तर ती घरीच बसंल. चार कामं शिकंल. काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते मला माहीत होतं. माझ्या बरोबरीच्या दोघींची लग्नं ठरली होती.

आप्पांचं काही ठरेना. शेवटी ते म्हणाले, "पोराच्या मास्तरला इचारतो. ते सांगतील तसं." अण्णाचा चेहरा फुलला. मौलवीसाहेबांनी त्याला आधीच शब्द दिला होता, तुझ्या वडलांना मी स्वतः लिहीन म्हणून.

दोन दिवसांनी अण्णा चिठ्ठी घेऊन आला. घडी घातलेला कागद, ना डिंक ना लाख. त्याने तो वाचला नव्हता. आमच्या घरात तशी रीतच होती, आपल्याविषयी लिहिलेलं आपण वाचायचं नाही. आप्पांना मोडी यायची, मराठी यायची, कानडी आकडे यायचे. उर्दू मात्र येत नव्हती. सरकारी कागद आला की ते अण्णाकडून वाचून घेत. ही चिठ्ठी अण्णाविषयीची, तेव्हा ती मी वाचायची असं ठरलं. अण्णा उंबऱ्यापाशी उभा राहिला.

मी घडी उघडली आणि आधी मनातल्या मनात वाचलं. मौलवीसाहेबांनी लिहिलं होतं, "माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मला मिळाला नाही. त्याची उर्दू मध्येच तोडू नका, तो तीन वर्षं मागं पडेल आणि मन मोडून बसेल. सोलापूरच्या उर्दू शाळेचे मुख्य मास्तर माझ्या ओळखीचे आहेत. ही चिठ्ठी दाखवा, ते त्याला त्याच जमातीत घेतील." शेवटी सगळ्या घराला दुवा दिली होती.

मी दुवा तेवढी खरी वाचली. बाकीचं तिथल्या तिथं रचलं. "मुलगा चांगला आहे. कुठल्याही शाळेत घाला, तो निभावून नेईल. मुलीचीही शाळा बुडू देऊ नका." वाचताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. दहा वर्षांची पोर, कागदावर बोट फिरवत उजवीकडून डावीकडं जात होते, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटावं.

आप्पांना भरून आलं. "परक्या माणसाला आपल्या पोरीची काळजी," ते म्हणाले. "मग ठरलं. शाळेमागचं घर."

अण्णाने विचारलं, "अजून काय लिवलंय का?"

"न्हाय," मी म्हटलं.

तो माझ्याकडं क्षणभर बघत राहिला. माझ्यावर त्याचा विश्वास होता, मला वाचायला त्यानंच शिकवलं होतं. कागद मागायचं त्याच्या मनातही आलं नसेल. मी आत गेले आणि चिठ्ठी चुलीत घातली. अव्वा भाकरी थापत होती, तिचं लक्ष नव्हतं. आठवड्याभरात आम्ही निघालो. मौलवीसाहेबांना भेटून ये, असं आप्पा त्याला दोनदा म्हणाले. तो गेला नाही.

सोलापुरात मास्तरांनी त्याला मराठीतून गणित घातलं. उत्तर त्याने बरोबर काढलं, पण ते कसं काढलं हे त्याला मराठीत सांगता येईना. त्याला चौथीत बसवलं. मलाही माझ्या शाळेत चौथीतच घेतलं. घरात चौथीचं मराठी पुस्तक एकच होतं, ते आम्ही दोघं मिळून वापरायचो. मी दहाची, तो चौदाचा, मिसरूड फुटलेला. वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची. दिवाळीपर्यंत त्याने कसंबसं ओढलं. मग एक दिवस तो दप्तर न घेता आप्पांनी सोलापुरात घातलेल्या नव्या दुकानात जाऊन बसला तो कायमचाच. पुस्तक मला एकटीला मिळालं.

मी शिकले. मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळेच्या प्रत्येक समारंभात माझं कौतुक व्हायचं, निजामाच्या मोगलाईतून आलेली मुलगी बघा कुठं पोचली म्हणून. अण्णा दुकान बंद ठेवून यायचा आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या मला ऐकवायच्या नाहीत. घरी आले की मी विनाकारण कुणावर तरी खेकसायची. नवऱ्याला वाटायचं, सत्कारानं दमते.

सांगायचं किती वेळा ठरवलं, त्याला सुमार नाही. आप्पा असताना त्यांना काय वाटेल म्हणून सांगितलं नाही. ते गेल्यावर आता उकरून काय उपयोग म्हणून सांगितलं नाही. सबबींची मला कधी वाण पडली नाही. शेवटी अण्णाच्या सत्तरीनंतर एका दुपारी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तो शेंगदाण्याच्या पुड्या बांधत होता.

"अण्णा, मौलवीसाहेबांची ती चिठ्ठी मी खोटी वाचली होती."

त्याचे हात थांबले. "काय लिवलं होतं?"

मी सगळं सांगितलं. एकही शब्द मी विसरले नव्हते. असा विद्यार्थी मिळाला नाही, उर्दू तोडू नका, ही चिठ्ठी दाखवा. बोलता बोलता मी रडायला लागले. मला वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडावा अशीच माझी इच्छा होती. नाहीतर तो म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. तेही मला चाललं असतं.

त्याने हातातली पुडी बांधून पुरी केली. मग म्हणाला, "ते आले होते इथं."

"कोण?"

"मौलवीसाहेब. तू नवी नवी नोकरीला लागली होतीस तवा. लई थकले होते. काठी टेकत, पत्ता इचारत आले. त्या फळीपाशी उभं राहिले आन् म्हणाले, बेटा, रियाजी कुठवर आली?"

"मग?"

"मला वाटायचं, ह्या माणसानं शब्द दिला आन् फिरवला. माझ्यासाठी चार ओळी लिवायला ह्यांचा हात गेला न्हाय." त्याने एक पुडी उचलली आणि परत खाली ठेवली. "मी बसासुद्धा म्हटलं न्हाय. म्हटलं, काय पायजे? ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, पावशेर साखर दे. मी दिली. त्यांनी पैसे ठेवले आन् गेले."