शिंपीकाकांची कात्री

कुडव्याला आमच्या शेजारी एक शिंपीकाका राहत. बोलताना रिकामी कात्री कचकच चालवायची त्यांना सवय. फेब्रुवारी सरत आला तरी माझे टमाटर हिरवेच, म्हणून त्यांना दाखवले, तर त्यांनी फुलांसकट सगळे शेंडे कापून टाकले! मी किंचाळलेच.

"काऊन ओरडून राहिल्या? आधीचे पोट्टे अजून लहान, अन् नवे पाळणे कायले बांधता? मोठ्या फळाची जात उशिराच पिकते. पुढच्या साली बियांच्या पाकिटावरचा फोटो नका पाहू, पिकायचे दिवस वाचा."

पंधरवड्यात टमाटर लाल झाले. सांगायला गेले, तर त्यांच्या झाडांवर फुलंच फुलं आणि खाली टमाटर हिरवेगार.

"हे काय, काका?"

"आपल्या झाडावर हात नाही उठत, बाई."

कात्री माझ्या हातात देऊन ते पाठ फिरवून उभे राहिले.