छान म्हणणारा जावई

माझे जावई स्वभावाने तिरसट आहेत, आणि हे मी चारचौघांत अभिमानाने सांगते. टेलर आहेत. कोट कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही आणि नावं ठेवण्यात तर नाहीच नाही. खाली दुकान, वर घर. कापायचं काम त्यांचं, शिलाई मशीन माझ्या लेकीचं, आणि काज, बटण, तुरपाई माझी. लोक घरजावई ठेवतात, यांनी घरसासू ठेवली आहे. मी त्यांना मास्तर म्हणते.

मास्तरांचं सगळ्यात जास्त वैर माझ्या बटणांशी. जाड कोटाचं बटण लावताना खाली दोऱ्याची जराशी मान ठेवावी लागते, म्हणजे काजात घातल्यावर कापड चुरगळत नाही. माझा हात घट्ट. मग मास्तरांचं सुरू, "सासूबाई, गळा आवळलात की बिचाऱ्याचा! श्वास तरी घेऊ द्या त्याला." मी म्हणायची, "थांबा, तुमच्या तोंडालाच एक लावते. मग बघू कोण श्वास घेतं ते." लेक मशीन चालवता चालवता हसायची. दिवस असा जायचा आणि बरा जायचा.

मग एकदा त्यांच्या हातून कापड आखायचा खडू पडला. पडतो कुणाच्याही हातून. पण नंतर तो पडतच राहिला. उजव्या हाताची बोटं बधिर, एक पाय फरफटायचा आणि एका डोळ्यापुढे धुकं. तपासण्या झाल्या, मोठ्या यंत्रात झोपवून झालं आणि आजाराला नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. मला ते नाव म्हणता येईपर्यंत निम्मे उपचार झाले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं की नसांवरचं अस्तर जागोजागी उसवतं आणि मेंदूचा निरोप मध्येच अडकतो. औषधांनी डोळ्यापुढचं धुकं बरंचसं विरलं. पाय मात्र आळशीच राहिला, हातात काठी आली. बोटं सकाळी ऐकायची, दुपारी रुसायची.

आता आमच्या घराची एक खोड सांगते. आम्ही प्रेम करायला लागलो की समोरच्याचा जीव नकोसा करून सोडतो. लेकीने त्यांची खुर्ची दुकानाच्या खिडकीपाशी नेली. "तुम्ही बसा." पाणी हातात. "तुम्ही उठू नका." कापायला आलेले कोट परत पाठवले आणि नुसत्या उसवण-दुरुस्त्या घ्यायला लागली. मोठी कात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. मास्तर बसले. बसले ते बसलेच. ताट अर्धं टाकायचे, दिवसा झोपायचे, रात्री छताकडे बघत पडायचे. कुणी भेटायला आलं की म्हणायचं, "एवढं दुखणं म्हटल्यावर माणूस उदास राहणारच." आम्हीही माना डोलवायचो.

मला खरा धसका बसला तो एका बटणाने. बटणं लावून झालेला एक सदरा त्यांना दाखवायला नेला, उगीच, बोलायला निमित्त म्हणून. त्यांनी नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, "छान आहे."

छान? इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या बटणाला छान म्हटलं नव्हतं! मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम निळ्या जाकिटाला एक तपकिरी बटण लावलं, तेही वाकडं. आंधळ्यालासुद्धा हाताने कळलं असतं. "कसं झालंय, मास्तर?"

"छान आहे, सासूबाई."

मी मोरीत जाऊन रडून घेतलं. पाय आळशी झाला ते परवडलं हो, पण आमचे मास्तर कुठे गेले?

पुढच्या तपासणीला मीही त्यांच्याबरोबर निघाले. लेक म्हणाली, "तू कशाला?" म्हटलं, "मला बाहेरची हवा खायची आहे." डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, बोटं बघितली आणि विचारलं, "आणि मन कसं आहे?"

"छान," मास्तर म्हणाले.

मग माझा तोल गेला. "साफ खोटं! परवा यांनी तपकिरी बटणाला छान म्हटलं. निळ्या जाकिटावर!"

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला सगळं सांगायला लावलं. मग त्या मास्तरांकडे वळल्या. म्हणाल्या, "या आजारात हे पुष्कळांना होतं. यात तुमचा दुबळेपणा नाही. आजार मेंदूवर काम करतो, त्याचा मनावर परिणाम होऊ शकतो, आणि रोजचं जगणं बदलतं त्याचा वेगळा. ‘उदास राहणारच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. यावरही उपचार आहेत." त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला जायचं म्हणून एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. मग लेकीला विचारलं, "घरात हे काय काम करतात?"

लेक फुशारकीने म्हणाली, "काही नाही! काडी उचलू देत नाही मी."

बाई म्हणाल्या, "उचलू द्या. झेपेल तेवढी."

लेकीचा चेहरा एवढासा झाला.

गोळ्या काही जादूची कांडी नव्हत्या, बाईंनी ते आधीच सांगितलं होतं. मी रोज एक चुकीचं बटण लावून दाखवायची, ते रोज छान म्हणायचे आणि मी रोज उसवायची. बोलायला मात्र ते नेमाने जात होते. आणि एका संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "मोठी कात्री आणि कापायचं टेबल पलीकडच्या गल्लीतल्या टेलरला देऊन टाकतोय. उद्या येतील ते. समोर टांगलेली कात्री मला बघवत नाही."

पलीकडचे टेलर म्हणजे आमचे घाईवाले. कापड आत जायच्या आधी त्यांचा कोट बाहेर आलेला असतो. त्यांच्या हाती ती कात्री! कात्री गेली की मास्तरही गेले, हे मला कळत होतं आणि लेकीलाही. पण लेक माझ्यावर गेली आहे. तिने सरळ खिळ्यावरची कात्री काढली. घड्याळवाल्या काकांचं कोटाचं कापड दुकानात पडून होतं, त्यांनी ते परत न्यायला साफ नकार दिला होता. लोकरी, राखाडी, सुंदर, सुलट बाजूला मऊ लव. कापड अगदी जेमतेम. सकाळी सकाळी तिने ते कापायला घेतलं. त्यांना दाखवायचं होतं की हे दुकान अजून कोट शिवतं.

समोरचे भाग, पाठ, सगळं छान कापलं. मग बाह्या. कापड वाचवायचं म्हणून तिने दुहेरी घडी न घालता एकेक बाही वेगळी कापली. कागदाचा नमुना ठेवला, कापली. परत नमुना ठेवला, कापली. नमुना मधे पालथा घालायचा राहिला. टाचण्या लावताना तिच्या लक्षात आलं आणि ती मटकन खाली बसली.

"आई, दोन्ही डाव्या झाल्या."

"मग एक फिरव."

"फिरवली की उलट बाजू बाहेर येते गं!" आणि तिने भोकाड पसरलं.

नेमके तेव्हाच घाईवाले दारात आले आणि मास्तर काठी टेकत जिना उतरले. त्यांनी टेबलाकडे बघितलं. एक बाही उचलली, दुसरी उचलली, एकीवर एक ठेवली. माझ्या मनात एकच, देवा, आता हे छान म्हणायला नकोत.

"का गं," ते म्हणाले, "काकांचे दोन्ही हात डावे कधी झाले?"

आणि हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग काठीच हातातून सुटली. लेक रडता रडता हसायला लागली. मी खुर्ची टेबलाशी ओढली.

"त्या चिंध्या आण सगळ्या. आणि इस्त्री लांब ठेव, गरम झालं की माझा डोळा धुरकटतो. सासूबाई, खडूला चिंधी गुंडाळा, बारीक धरवत नाही." तुकडे जुळवून बघितले. "उजवी निघते यातून. कोपरात जोड येईल. दोन्ही कोपरांवर चामड्याची गोल पट्टी लावू. काका दिवसभर कोपर टेकून बसतात. त्यांना म्हणायचं, तुमच्यासाठी खास सोय केली."

खडू फिरला. रेघ किंचित थरथरली, पण बरोबर गेली. त्यांनी कात्री उचलून बघितली, जड वाटली तशी लेकीच्या हातात दिली. "खडू माझा, कात्री तुझी. आणि यापुढे घडी घातल्याशिवाय बाही कापलीस तर बघ."

"मग कात्रीचं काय?" घाईवाल्यांनी दारातूनच विचारलं.

"हिला अजून एक उजवी बाही कापायची आहे," मास्तर म्हणाले. घाईवाले चहा पिऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सगळं गोड झालं. कसलं काय! दुसऱ्या दिवशी मास्तर अंथरुणातून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि दुपारपर्यंतच टिकले. गोळ्या चालू आहेत, बोलायला जाणं चालू आहे, काही दिवस मन जड असतं ते असतंच. पण सकाळी खडू त्यांच्या हातात असतो, आणि लेकीचं ‘तुम्ही बसा’ मी बंद पाडलं आहे.

कोट पुरा झाला. बटणं लावायला माझ्याकडे आला. मी सवयीने एक तपकिरी लावलं, वाकडं, गळा आवळलेलं, आणि नेऊन समोर धरलं. बटणापुरती आशा मी सोडली होती म्हणा ना, नुसती रीत चालू होती.

मास्तरांनी कोट उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"सासूबाई, डोळे गेले का तुमचे? हे कुणाच्या कोटाचं बटण काकांना लावलंत? काढा ते आधी. आणि मान ठेवा हो दोऱ्याची, किती वेळा सांगायचं तुम्हाला!"

"काढते, मास्तर," मी म्हटलं. पण मला काही सुईत दोरा ओवता येईना. शेवटी लेकीने ओवून दिला.